वन्यप्राण्यांच्या मृत्यूचा तपास कसा शिकवावा? पाच दिवसांच्या प्रशिक्षणाबद्दल सविस्तर उत्तर

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. पशुवैद्यक, वनखात्याचे कर्मचारी आणि प्रयोगशाळेतले तंत्रज्ञ अशा मिश्र गटाला वन्यप्राण्यांतल्या रोगांचा तपास शिकवायचा आहे. हाताशी पाच दिवस आहेत. वेळापत्रकात रेबीज, अँथ्रॅक्स, क्षयरोग, डिस्टेंपर (कुत्र्यांसारख्या मांसाहारी प्राण्यांचा विषाणूजन्य रोग), बर्ड फ्लू यांना प्रत्येकी तास-दीड तास दिला आहे. शेवटच्या दिवशी शवविच्छेदनाचं प्रात्यक्षिक आणि लेखी परीक्षा. यात आणखी कोणते रोग घालावेत, असं तुम्ही विचारलं आहे.

एकही घालू नका. आहेत त्यातले निम्मे काढा.

जंगलात माणसासमोर रोग येत नाही, मेलेलं जनावर येतं. पाणवठ्याजवळ तीन हरणं पडलेली आहेत, एक ताजं, दोन फुगलेली. फोनला रेंज नाही आणि दोन तासांत अंधार पडणार आहे. अशा वेळी डोक्यात पाठ केलेली यादी असेल तर माणूस यादीतलं एक नाव उचलतो आणि समोर दिसेल ते त्या नावात बसवायला लागतो. खरे प्रश्न वेगळेच असतात. हे उघडायचं की नाही? तिघांपैकी आधी कोणतं? कोणी हात लावायचा? काय घ्यायचं, कशात ठेवायचं, आणि आज रात्री कोणाला कळवायचं? हे निर्णय निदानाच्या आधीचे आहेत. ते चुकले तर पुढे कितीही चांगली प्रयोगशाळा असली तरी तिच्या हाती काही लागत नाही. प्रशिक्षण या निर्णयांचं हवं. रोगांची माहिती पुस्तकात आहे, ती नंतरही वाचता येते.

आता परिस्थितीवर काय अवलंबून आहे तेही सांगून टाकतो, कारण तुमच्याकडची परिस्थिती मला दिसत नाही. संरक्षित प्राण्याच्या मृतदेहाला हात लावायचा अधिकार कोणाला, हे तुमचा कायदा ठरवतो. मृत्यू शिकारीमुळे किंवा विषप्रयोगामुळे झाला असण्याची शक्यता असेल, तर प्रत्येक नमुन्यावर सील, सही आणि तो कोणाच्या हातून कोणाच्या हाती गेला याची नोंद लागते. नाहीतर न्यायालयात तो नमुना कुचकामी. प्रयोगशाळा दोन तासांवर आहे की दोन दिवसांवर, यावरून काय गोठवायचं आणि काय नुसतं थंड ठेवायचं ते ठरतं. तुमचा भर पक्ष्यांवर आहे, मोठ्या सस्तन प्राण्यांवर की बेडकांवर, त्यानुसार हत्यारंसुद्धा बदलतात. त्यामुळे खाली लिहितोय ते साचा म्हणून घेऊ नका, त्यामागचं कारण घ्या.

कारण नीट कळावं म्हणून गिधाडांचं उदाहरण. दक्षिण आशियात १९९० च्या दशकात गिधाडं झपाट्याने कमी झाली आणि बराच काळ सगळ्यांचा संशय एखाद्या विषाणूवर होता. संशय वेडगळ नव्हता: इतक्या मोठ्या प्रदेशावर इतक्या वेगाने मृत्यू म्हणजे साथ, असंच कोणालाही वाटेल. पण शवविच्छेदनात बहुतेक पक्ष्यांच्या आतल्या अवयवांवर युरिक आम्लाचे पांढरे, खडूसारखे थर दिसत होते, म्हणजे मूत्रपिंडं निकामी झाली होती. पाकिस्तानात काम करणाऱ्या गटाने विषाणू, जिवाणू, जड धातू, कीटकनाशकं असं एकेक तपासून बाजूला काढलं. मग त्यांनी प्रश्न बदलला. हे पक्षी खातात काय? मेलेली गुरं. त्या गुरांना कोणती औषधं दिली जातात, आणि त्यातलं मूत्रपिंडाला घातक कोणतं? पशुवैद्यकांकडे आणि औषध विक्रेत्यांकडे चौकशी झाली आणि डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक पुढे आलं. पांढरे थर असलेल्या ज्या ज्या गिधाडाचं मूत्रपिंड तपासलं त्यात ते औषध सापडलं. थर नसलेल्या एकाही गिधाडात सापडलं नाही. हे २००४ साली प्रसिद्ध झालं आणि २००६ मध्ये भारत, पाकिस्तान आणि नेपाळने जनावरांसाठीच्या डायक्लोफेनॅकवर बंदी आणली. तुमच्या वेळापत्रकातले सगळे रोग तोंडपाठ असलेला माणूस इथे अडला असता, कारण उत्तर त्या यादीत नव्हतंच.

म्हणून मी पहिल्या सत्रात व्याख्यान देत नाही. चार-पाच जणांचे गट करतो आणि प्रत्येक गटात मुद्दाम एक वनरक्षक, एक पशुवैद्यक, एक तंत्रज्ञ बसवतो. त्यांना एक ओळ मिळते: "तलावाकाठी बरीच बदकं मेली आहेत." पुढची सगळी माहिती माझ्याकडच्या पाकिटांत असते आणि नेमकं विचारलं तरच मिळते. 'आणखी माहिती द्या' असं म्हणून पाकीट उघडत नाही.

बहुतेक गट पहिल्या पाच मिनिटांत बर्ड फ्लू म्हणतात आणि पीसीआर (विषाणूची जनुकीय चाचणी) मागतात. संशय रास्त आहे आणि तो नाकारला जाईपर्यंत मास्क, हातमोजे, गॉगल हवेतच. पीसीआर निगेटिव्ह येतो आणि गट थबकतो. हळूहळू कोणीतरी विचारतं, "मासे मेलेत का?" नाही. "पोस्टमॉर्टेममध्ये काय दिसलं?" काहीच नाही, अवयव स्वच्छ. इथे पशुवैद्यक निराश होतात, पण 'काहीच दिसलं नाही' हीसुद्धा माहितीच आहे: इतके पक्षी मेले आणि अवयवांत डोळ्यांना दिसेल असा बदल नाही, म्हणजे विषाचा विचार पुढे यायला हवा. सगळ्यात मोलाचा प्रश्न सहसा वनरक्षक विचारतो: "जे अजून जिवंत आहेत ते कसे दिसतात?" ते पाकीट उघडलं की चित्र पालटतं. पंख लुळे, पाय ओढत चालतात, मान उचलता येत नाही, पण शुद्ध आहे. बॉट्युलिझम, म्हणजे जिवाणूच्या विषाने येणारा लुळेपणा. राजस्थानातल्या सांभर तलावावर २०१९ च्या नोव्हेंबरात हजारो पक्षी मेले, त्याचं निदान हेच निघालं.

यातून दोन गोष्टी वेगळ्या शिकवाव्या लागत नाहीत, गट आपणच त्यापर्यंत येतो. एक, आजारी पण जिवंत प्राणी मेलेल्यापेक्षा जास्त बोलका असतो, आणि बॉट्युलिझममध्ये तर त्याच्या रक्तातला सीरम हाच कामाचा नमुना. दुसरी, काही उपाय अहवालाची वाट पाहत नाहीत. मेलेल्या पक्ष्यात जिवाणू विष तयार करतो, अळ्यांमध्ये ते विष साठतं पण त्यांना काही होत नाही, दुसरा पक्षी त्या अळ्या खातो आणि मरतो. हे चक्र तोडायचं तर मृत पक्षी त्याच दिवशी उचलायला लागायचं.

पाकिटांचा खेळ झाला की १९९९ चं न्यूयॉर्क सांगतो. त्या उन्हाळ्यात माणसांना मेंदूज्वर होत होता आणि त्याला सेंट लुइस एन्सेफलायटिस असं नाव दिलं गेलं होतं. त्याच सुमारास शहरात कावळे मरत होते आणि ब्राँक्स प्राणिसंग्रहालयातले पक्षीही. तिथल्या पॅथॉलॉजिस्ट (ऊती तपासून रोगाचं कारण शोधणाऱ्या तज्ज्ञ) ट्रेसी मॅकनमारा यांनी या दोन गोष्टी शेजारी ठेवल्या. सेंट लुइसचा विषाणू पक्ष्यांत राहतो, पण एरवी त्यांना मारत नाही. मग हे पक्षी का मरतायत? घोड्यांना होणारा ईस्टर्न एन्सेफलायटिस म्हणावा, तर त्यात एमू हमखास मरतात, आणि एमू ठणठणीत होते. कोंबड्याही धडधाकट होत्या, म्हणजे न्यूकॅसल (कोंबड्यांचा राणीखेत रोग) आणि बर्ड फ्लू मागे पडले. शेवटी निघाला वेस्ट नाइल विषाणू, जो पश्चिम गोलार्धात तोवर कोणी पाहिलाच नव्हता. वर्गाला मी सांगतो की कोण मेलं याच्याइतकंच कोण मेलं नाही हे लिहा. तपासाच्या फॉर्मवर त्यासाठी मी स्वतंत्र रकाना ठेवतो. तो रिकामा आला तर फॉर्म परत.

सुरक्षिततेचं सत्र मात्र अजिबात खेळीमेळीचं ठेवू नका. तिथे एक नियम घोकून घेतलाच पाहिजे: अचानक मेलेलं खुरवालं जनावर, पोट पटकन फुगलेलं, नाका-तोंडातून किंवा गुदद्वारातून न गोठणारं काळपट रक्त, शरीर नीट ताठरलेलं नाही, असं असेल तर सुरी पिशवीतच राहील. अँथ्रॅक्स म्हणजे काळपुळीचा जिवाणू बंद शरीरात कुजण्याबरोबर बराचसा मरतो. शरीर उघडलं की हवेतल्या ऑक्सिजनमुळे त्याचे बीजाणू होतात आणि ते मातीत वर्षानुवर्षं टिकतात. कानाच्या शिरेतून थेंबभर रक्त, एक पातळ स्मिअर (काचेवर पसरलेला रक्ताचा थर), त्यावर पॉलिक्रोम मिथिलीन ब्लू हा रंग. गुलाबी आवरणातले निळे, चौकोनी टोकांचे दंडजिवाणू दिसले की प्रश्न मिटला. स्मिअर वाचायला तिथल्या तिथे कोणी नसेल तर जनावर न उघडता थांबायचं. 'बघू तरी आत काय आहे' ही पशुवैद्यकांची खास खोड आहे. वनरक्षकांना हा मोह होत नाही. माकडांच्या मृत्यूचा तपास तुमच्या भागात होणार असेल तर आणखी एक गोष्ट: शरीर थंड पडू लागलं की गोचिड्या ते सोडून आसपास पसरतात. क्यासनूर फॉरेस्ट डिसीज, म्हणजे गोचिड्यांतून पसरणाऱ्या माकडतापाच्या पट्ट्यात मेलेल्या माकडाजवळ जाणाऱ्याला धोका असतो तो मुख्यतः त्यांचा.

आता ज्यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवतो ते: वर्णन. शवविच्छेदनात सुरी चालवणं दोन दिवसांत येतं, दिसलेलं लिहिणं येत नाही. सगळ्यांना एकाच यकृताचा फोटो द्या आणि तीन ओळी लिहायला सांगा. 'यकृत खराब झालेले', 'यकृतात संसर्ग', 'यकृत असामान्य' अशीच उत्तरं येतात. मग एक नोंद फळ्यावर लिहा: 'यकृताच्या सर्व खंडांवर एक ते तीन मिलिमीटरचे, पिवळसर पांढरे, कडा स्पष्ट असलेले असंख्य ठिपके, कापल्यावर आतही तसेच.' हे वाचून शेकडो किलोमीटरवर बसलेला पॅथॉलॉजिस्ट शक्यता चार-पाचांवर आणू शकतो. पहिल्या तीन उत्तरांतून त्याला एवढंच कळतं की लिहिणाऱ्याला काहीतरी वाटलं. जागा, संख्या, आकार, रंग, घट्टपणा, कापल्यावर कसं दिसतं, हे सगळं लिहायचं. रोगाचं नाव या भागात लिहायला बंदी, ते खाली वेगळ्या ओळीत. दोन दिवस ही बंदी पाळली की हाताला वळण लागतं.

याच ओघात मृत्यूनंतरचे बदल ओळखायला शिकवा. पित्ताशयाला चिकटलेल्या भागावरचा हिरवा डाग, जनावर ज्या कुशीवर पडलं त्या बाजूचं लालभडक फुफ्फुस, आतड्यालगतचा काळपट हिरवेपणा, हे रोगाचे पुरावे नव्हेत. नवशिके नेमके याच गोष्टींचे फोटो काढतात. सरावाला वन्यप्राणीच हवा असा हट्ट नको. पोल्ट्रीतल्या मेलेल्या कोंबड्या आणि शेळ्या-मेंढ्या चालतात. प्रत्येकाच्या हातून निदान एक पक्षी आणि एक सस्तन प्राणी पूर्ण झाला पाहिजे. एकजण कापतोय आणि वीसजण बघतायत, त्याला प्रात्यक्षिक म्हणू नका.

नमुन्यांचं थोडक्यात सांगतो, कारण याचे तक्ते सहज मिळतात. सूक्ष्मदर्शकाखाली बघायच्या ऊतींना १० टक्के बफर्ड फॉर्मॅलिन (ऊती टिकवणारं द्रावण), ऊतीच्या दहापट, तुकडा सेंटिमीटरपेक्षा पातळ. ते गोठवायचं नाही, बर्फाचे स्फटिक पेशी फाडतात. विषाणू आणि जिवाणूंसाठीचे नमुने फॉर्मॅलिनशिवाय आणि थंड. विषासाठी यकृत, मूत्रपिंड, जठरातलं अन्न गोठवून. सेंद्रिय फॉस्फेट कीटकनाशकाचा संशय असेल तर मेंदूसुद्धा, अर्धा गोठवून, अर्धा फॉर्मॅलिनमध्ये. स्लाइड आणि फॉर्मॅलिनची बरणी एका डब्यात नको, वाफेने स्मिअरवर रंग नीट चढत नाही. एक गोष्ट मात्र वर्गात करून दाखवा: अरुंद तोंडाच्या बाटलीत यकृताचा मऊ तुकडा ढकला आणि दोन दिवसांनी सगळ्यांसमोर काढायला सांगा. तो रबरासारखा कडक झालेला असतो, बाटली फोडल्याशिवाय निघत नाही. रुंद तोंडाची बरणी का आणायची हे पुन्हा कोणाला सांगावं लागत नाही.

प्रशिक्षणाच्या आधी तुम्ही स्वतः प्रयोगशाळेला एक फोन करायचा आहे. कोणत्या प्राण्यांचे नमुने घेता, कशात, किती, रविवारी दार कोण उघडतं, अहवाल किती दिवसांत आणि कोणाच्या नावे? पाळीव जनावरांसाठी तयार केलेल्या रक्तचाचण्या वन्यप्राण्यांत बऱ्याचदा पडताळलेल्या नसतात, तेही तिथल्याच माणसाच्या तोंडून गटाला ऐकू द्या. त्याला पाहुणा म्हणून तासाभरासाठी बोलावू नका, पाचही दिवस गटात बसवा.

इथवरचं एका दमात: यादी कमी करा, गट मिश्र ठेवा, माहिती मागायला लावा, अँथ्रॅक्सचा नियम घोका, वर्णन आणि निदान वेगळं लिहायला लावा, बरणी रुंद तोंडाची.

राहिला तो भाग सगळ्यात अवघड: अहवाल आल्यावर काय? प्रयोगशाळेने एखादा जंतू दाखवला की तपास संपला असं धरलं जातं. कझाकस्तानात मे २०१५ मध्ये सैगा या काळविटासारख्या जातीचे दोन लाखांहून जास्त प्राणी सुमारे तीन आठवड्यांत मेले. विण्याच्या हंगामाचा अभ्यास करणारे गट आधीच तिथे होते, त्यामुळे ताज्या मृतदेहांची शवविच्छेदनं झाली आणि पाश्चुरेला मल्टोसिडा, म्हणजे गुरांत घटसर्प करणारा जिवाणू, निश्चित झाला. पण हा जिवाणू निरोगी सैगांच्या टॉन्सिलमध्येही एरवी असतो. मग याच वर्षी, इतक्या कळपांत एकदम का? हवामानाच्या नोंदी पाहिल्यावर त्याआधीच्या दिवसांतली असाधारण दमट आणि उबदार हवा पुढे आली. जंतू सापडणं हे अर्धं उत्तर होतं. टांझानियातल्या सेरेंगेटीच्या सिंहांचंही तसंच. १९९४ च्या डिस्टेंपरने तिथले सुमारे एक तृतीयांश सिंह गेले, पण इतर काही वर्षांत तोच विषाणू फारसे बळी न घेता येऊन गेला होता. फरक कशाचा होता, हे २००८ साली जपून ठेवलेल्या जुन्या नमुन्यांतून कळलं: दुष्काळाने खंगलेल्या, गोचिड्यांनी भरलेल्या रानम्हशी सिंहांनी खाल्ल्या होत्या आणि डिस्टेंपरच्या जोडीला बबेसिया या गोचिड्यांतून येणाऱ्या रक्तातल्या परजीवीचा जबर संसर्ग झाला होता. तेव्हा कोणीतरी नळ्यांवर लेबल नीट लावून फ्रीझर चालू ठेवला होता, म्हणून हे कळलं. नमुना साठवण्याचा आणि त्याची नोंद ठेवण्याचा तास वेळापत्रकातून काढू नका, कितीही कंटाळवाणा वाटला तरी.

मृतदेहांच्या संख्येबद्दल सावध करा. सापडलेले मृतदेह म्हणजे मेलेले प्राणी नव्हेत. ते रस्त्याकडेला, पाण्याकाठी, जिथे माणूस जातो तिथे सापडतात. लहान पक्षी तर एक-दोन दिवसांत कोणीतरी उचलून नेतं. म्हणून 'किती सापडले' याच्या शेजारी 'किती अंतर, किती वेळ, किती जणांनी शोधलं' हे यायला हवं. शोधूनही काही सापडलं नाही, तर तीही नोंद.

आता पाच दिवसांची वाटणी. पहिला दिवस पाकिटं, सुरक्षितता आणि मोकळ्या मैदानात मांडलेलं खोटं घटनास्थळ: कोणी कुठून आत जायचं, फोटो कोणत्या क्रमाने, कोणाला फोन. दुसरा आणि तिसरा पूर्ण शवविच्छेदन आणि वर्णन. चौथा नमुने, पॅकिंग आणि प्रयोगशाळेला भेट. तीन थरांचं पॅकिंग प्रत्येकाने स्वतः करायचं, मग ती पेटी उलटी करून हलवायची. पाचव्या दिवशी सकाळपासून एक सलग प्रसंग, त्यात मध्येच वार्ताहराचा फोन आणि वरिष्ठांचा 'नाव सांगा लवकर' असा दबाव. 'अजून निश्चित नाही, आतापर्यंत एवढं कळलंय' हे वाक्य न अडखळता बोलता आलं पाहिजे, त्याचाही सराव लागतो. रोगांची माहिती आधी वाचायला पाठवा आणि तुमच्या भागातले चार-पाच रोग प्रसंगांतूनच येऊ द्या.

खरं सांगायचं तर पाच दिवसांत कोणी तपासनीस होत नाही. अमेरिकेच्या सीडीसी या रोगनियंत्रण संस्थेने १९५१ मध्ये माणसांच्या साथींसाठी एपिडेमिक इंटेलिजन्स सर्व्हिस सुरू केली तेव्हापासून त्या परंपरेतली प्रशिक्षणं खऱ्या साथीवर, अनुभवी माणसाच्या देखरेखीखाली काम करून होतात. वर्गातला वेळ थोडा असतो. तुम्हाला दोन वर्षांचा कार्यक्रम आखणं जमणार नाही, पण वर्षभर फोन उचलणारा एक पॅथॉलॉजिस्ट आणि एक अनुभवी क्षेत्र पशुवैद्यक नेमता येईल. आलेल्या प्रत्येक खऱ्या प्रकरणावर महिन्यातून एकदा तासभर ऑनलाइन चर्चा ठेवा. निधी तोकडा असेल तर सहावा दिवस वाढवण्यापेक्षा त्यांच्या मानधनावर खर्च करा.

लेखी परीक्षा रद्द करा. पाचव्या दिवशी हजेरीचं पत्र द्या, प्रमाणपत्र नको. ते पहिल्या खऱ्या प्रकरणाचा अहवाल आल्यावर द्यायचं, आणि अहवालात निदान लागलं की नाही हे बघायचं नाही. 'कोण मेलं नाही' हा रकाना भरलाय का, वर्णनात रोगाचं नाव घुसलंय का, नमुना कोणाच्या हातून कोणाकडे कधी गेला ते लिहिलंय का, एवढं तपासा. काही जणांचं प्रमाणपत्र वर्षभर अडेल, कारण तोवर त्यांच्या हद्दीत काही मेलेलं सापडणार नाही. त्यांना शेजारच्या हद्दीतल्या प्रकरणावर पाठवा.